ते धावत येणार नाही

बसा. पाठ ताठच हवी असं नाही, भिंतीला टेकली तरी चालेल. हे मनन एका जनावराचं आहे आणि ते जनावर कधीच घाईत नसतं, तेव्हा आपणही नको. एकेक भाग वाचून झाला की क्षणभर डोळे मिटा. घरात कुणी मोठ्याने वाचून दाखवणारं असेल तर फारच छान.

मन भंडाऱ्याला न्या. शहर ओलांडून कारध्याच्या बाजूला, वैनगंगेच्या काठी. मे महिन्याची दुपार आहे. एका अंगाला नदीचं पाणी चकाकतंय, दुसऱ्या अंगाला वाळू इतकी तापलीय की चप्पल घालूनही पाय भाजतात. जरा वर वीटभट्टी आहे. भट्टीच्या मागे एक बाभूळ, आणि बाभळीच्या जाळीदार सावलीत एक गाढव उभं आहे.

त्याच्याकडे बघा. आपण गाढव आयुष्यभर पाहिलेलं असतं, पण त्याच्याकडे बघितलेलं नसतं. राखाडी अंग. नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांभोवती पांढरट वर्तुळं, पोटही तसंच फिकं. मानेपासून शेपटीपर्यंत गेलेली एक काळपट रेघ, आणि खांद्यावर तिला छेदणारी दुसरी आडवी रेघ. कान मोठे, आतून केसाळ, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशांना वळू शकणारे. एक कान आत्ता तुमच्याकडे वळलाय. म्हणजे तुम्ही आलात हे त्याला कळलंय, फक्त त्याने ते दाखवलेलं नाही.

आता नजर पाठीवर आणा. जिथे गोणपाट घासतं तिथे केस गेलेत. त्याच्या मधोमध रुपयाएवढी ओली जागा आहे आणि तिच्यावर माश्या आहेत. कातडी थरथरते, माश्या उडतात, पुन्हा बसतात. गाढव ओरडत नाही. पाय आपटत नाही. उभं आहे.

या उभं राहण्यापाशी थांबू या.

घोडा घाबरला की पळतो. तो गवताळ माळरानावर कळपाने वाढलेला. पळणं हाच त्याचा बचाव. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेच्या खडकाळ वाळवंटातले. तिथे चारा विरळ, म्हणून कळपही विरळ. एकेकटं किंवा दोघंचौघं राहायचं. आंधळेपणाने पळालं तर दगडात पाय मोडायचा. म्हणून ते धोका दिसला की आधी थबकतं, अंदाज घेतं, मग ठरवतं. आपण त्या थबकण्याला हट्ट म्हटलं, मठ्ठपणा म्हटलं आणि काठी उगारली. दुखणं लपवणंही तिथलंच. एकट्या जनावराने लंगडून दाखवलं की शिकारी प्राणी त्यालाच हेरतो. त्यामुळे गाढव आजारी आहे हे कळतं तेव्हा बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो. ते शांत दिसतं, आणि आपल्याला वाटतं की त्याला काही होत नाही.

एक श्वास घ्या. सोडा. मनाशी म्हणा: याला होतं. हे सांगत नाही.

आता त्याच्या पाठीवर ओझं ठेवू या, मनातल्या मनात, एकेक वीट. हाताने पाडलेली भट्टीची वीट साधारण तीन किलोची धरू. एक. दोन. तीन. सावकाश. दहा झाल्या, तीस किलो. पंधरा झाल्या. सोळा. इथे हात थांबवा. भारवाही जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली नियम केले, त्यांत गाढवाच्या पाठीवर जास्तीत जास्त ५० किलो लादता येतात. म्हणजे सोळा विटा. सतरावी ठेवली की नियम मोडला. आता भट्टीवर प्रत्यक्ष काय दिसतं ते आठवा आणि मोजत राहा. मोजायला मन तयार होत नसेल तर तसंच राहू द्या; त्या नकाराकडेही बघा.

त्याच नियमांत आणखी एक गोष्ट आहे. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन या वेळात जनावराकडून काम घ्यायचं नाही. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त नाही, आणि सलग पाच तासांपलीकडे विश्रांतीशिवाय नाही. हे भंडाऱ्यात वाचताना मन भरून येतं. इथे मे महिन्यात बारा वाजायच्या आधीच ३७ मागे पडलेलं असतं. कुणीतरी साठ वर्षांपूर्वी या बाभळीखालच्या दुपारचा विचार केला होता. शहाणा आणि दयाळू नियम आहे. तो भट्टीपर्यंत चालत आला नाही, एवढंच.

ऊन झालं, आता पाऊस मनात आणा. श्रावण. धानाच्या बांध्या भरल्यात, रोवणी आटोपलीय, मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, सांडव्यावरून वाहताहेत. आपल्याला हे चित्र सुखाचं वाटतं. गाढवाच्या जागी उभे राहून बघा. त्याचे केस घोड्यासारखे पाणी निथळून टाकणारे नाहीत. पाऊस थेट कातडीपर्यंत भिनतो. त्याचे खूर कोरड्या दगडांसाठी घडलेत, चिखलात दिवसेंदिवस उभं राहिलं की ते मऊ पडतात आणि सडायला लागतात. पावसात भट्टी बंद असते. काम नाही म्हणून जनावर सोडून दिलेलं असतं, आणि ते रस्त्याच्या डांबरावर येऊन उभं राहतं, कारण गावात तेवढीच जागा कोरडी. ट्रकवाले हॉर्न वाजवतात. ते थबकतं, अंदाज घेतं.

पुढचं मनन जड आहे. खांदे सैल सोडा.

या जनावराचं काम संपत आलंय. माती, वाळू, विटा आता ट्रॅक्टर आणि टिप्पर वाहतात. देशात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ च्या गणनेत १ लाख २० हजारांच्या आसपास उरली. सात वर्षांत साठ टक्क्यांहून अधिक घट. महाराष्ट्रात ही घट चाळीस टक्क्यांच्या जवळ आहे. पौष पौर्णिमेला जेजुरीत आणि रंगपंचमीच्या सुमारास मढीला गाढवांचे बाजार भरतात. तिथे वडार, बेलदार, कैकाडी, कुंभार, परीट अशा समाजांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या येत आली. ते बाजारही आता ओसरलेत.

यंत्र आलं हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. सतरावी वीट पाठीवर पडण्यापेक्षा ट्रॉलीत पडलेली बरी. पण काम संपलं की काम करणाऱ्याचं काय, हा प्रश्न यंत्रासोबत यायला हवा होता, आणि तो कुणी विचारला नाही.

मालकावर राग धरायचा मोह होईल. थोडं थांबा. मातीवडाराच्या पालावर मन न्या. कापडाचं छत, तीन दगडांची चूल, आणि शेजारी बांधलेलं गाढव. या माणसांनी आपली धरणं, रस्ते, विहिरी, तलावांचे बांध यांची माती उपसली. स्वतःची जमीन नाही, वैरणीला पैसा नाही. जनावराला दोन वेळा घालणं त्यांना जमत नाही तेव्हा ते त्याला सोडतात, आणि सोडताना त्यांनाही वाईट वाटतंच. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, १९६० पासून, जनावराला विनाकारण वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एका जिवाची एवढीच किंमत ठरवून आपण साठ-पासष्ट वर्षं गप्प बसलो. माझा राग असलाच तर तो इथे आहे.

सोडलेलं गाढव कुणाचंच नसतं, आणि जे कुणाचंच नसतं ते कुणीही उचलून नेतं. गाढवाच्या कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचं चीनमध्ये ‘इजियाओ’ नावाचं औषध बनवतात. त्यासाठी जगभरात दर वर्षी लाखो गाढवं मारली जातात. आपल्याकडे आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीच्या काही जिल्ह्यांत मांसासाठीही त्यांची कत्तल होते, जरी अन्नसुरक्षेच्या नियमांत गाढव हे खाण्यासाठी मारायच्या जनावरांत बसत नाही. महाराष्ट्रातून गाढवं चोरीला जातात ती याच वाटेने. आफ्रिकेतल्या देशांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये अदिस अबाबाच्या शिखर परिषदेत कातड्यासाठीच्या कत्तलीवर पंधरा वर्षांची बंदी मान्य केली. तिथे बाईच्या डोक्यावरचा पाण्याचा हंडा गाढवाने उतरवलाय, म्हणून ते त्याच्यासाठी उभे राहिले.

पुन्हा बाभळीखाली या. ते अजून उभं आहे.

भंडाऱ्याला जनावरं वाचवायची ओळख नाही असं मुळीच नाही. नागझिऱ्याचं जंगल इथल्या माणसांनी जपलं. शहराच्या इतकं जवळ असलेलं कोक्याचं जंगल २०१३ मध्ये अभयारण्य झालं. नागझिऱ्यातून पवनी-उमरेडच्या जंगलात गेलेला ‘जय’ वाघ एप्रिल २०१६ नंतर दिसेनासा झाला, तेव्हा वन विभागाने किती जंगल पालथं घातलं, आणि साध्या माणसांनी त्याची वाट पाहिली. ते योग्यच होतं. वाघाला जंगल आहे, नाव आहे, त्याची मोजदाद आहे. गाय-बैलाला गोठा आहे, पोळा आहे. या दोघांच्या मधल्या रस्त्यावर गाढव उभं आहे. त्याला जंगल नाही, गोठा नाही आणि सणही नाही.

आणि तरी, त्याच्या सोयऱ्यांना आपल्याच देशाने वाचवलंय. पश्चिमेकडे मन फिरवा, कच्छच्या छोट्या रणात. पिवळसर-तपकिरी, पांढऱ्या पोटाची रानगाढवं, तिथले लोक त्यांना घुडखर म्हणतात. रोगांच्या साथींनी ती अशी संपत गेली की १९६९ च्या मोजणीत ३६२ उरली. १९७३ मध्ये अभयारण्य झालं. २०२४ च्या मोजणीत ती ७,६७२ भरली. पंचावन्न वर्षांत वीस पटींहून अधिक. हा आकडा मनात थोडा वेळ असू द्या. जी गोष्ट ठरवली ती झाली.

अमेरिकेतही असंच एक ठरवणं आहे. खाणकामगारांनी तिथे गाढवं नेली, खाणी संपल्या, गाढवं सोडून दिली, आणि ती रानात राहून रानटी झाली. १९७१ मध्ये तिथल्या संसदेने अशा मोकाट घोड्या-गाढवांना संरक्षण देणारा कायदा केला. राष्ट्रीय उद्यानं मात्र त्यात येत नव्हती. ग्रँड कॅन्यनमध्ये ती वनस्पतींची नासधूस करतात म्हणून गोळ्या घालायचं ठरलं. तेव्हा क्लीव्हलँड अ‍ॅमरी नावाच्या लेखकाने आणि त्याच्या संस्थेने १९७९ ते १९८१ या काळात पाचशेहून अधिक गाढवं त्या प्रचंड दरीतून बाहेर काढली. झोळीत घालून, हेलिकॉप्टरला टांगून. डोळे मिटून ते चित्र आणा: खाली मैलभर खोल दरी, वर पंख्याचा कर्कश आवाज, आणि मधे टांगलेलं एक गाढव, चारही पाय लोंबताहेत. एका जनावरासाठी माणसं इतकं करू शकतात.

त्याच देशाच्या वाळवंटातून आणखी एक गोष्ट आली आहे, आणि या मननात मला ती सगळ्यात मोलाची वाटते. उन्हाळ्यात आपल्याकडे नदी आटली की बाया वाळूत झिरा खोदतात. हाताने वाळू उपसायची, खड्ड्यात पाणी पाझरायची वाट बघायची. ॲरिझोनाच्या वाळवंटात मोकाट गाढवं नेमकं हेच करतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात खुरांनी वाळू उकरत कधीकधी माणसाच्या उंचीइतकं खोल जातात आणि पाणी काढतात. संशोधकांनी तिथे कॅमेरे लावले. त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. गाढव पिऊन गेल्यावर त्याच झिऱ्यावर हरणं आली, रानडुकरांसारखी जनावरं आली, पक्षी आले, पन्नासहून अधिक जातींचे जीव आले. सोडून दिलेल्या झिऱ्यांच्या ओलीत नदीकाठच्या झाडांची रोपं उगवली.

वैनगंगेच्या वाळूवर बसून हे मनात घोळू द्या. ज्याला आपण टाकून दिलं, त्याने वाळवंटात पाणपोई घातली.

पाण्यापाशी आलोच आहोत तर संत एकनाथांपाशी जाऊ. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भरभर जाऊ नका. काशीची गंगा कावडीत भरलेली आहे. रामेश्वराला अभिषेक घालायचा आहे. किती महिने चाललेत, खांद्याला घट्टे पडलेत. तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडतंय. सोबतचे यात्रेकरू बघतात, हळहळतात, पुढे जातात. पाणी तर आहे, पण ते देवाचं आहे. एकनाथ थांबतात. कावड खाली ठेवतात.

कावड खाली ठेवण्याच्या त्या क्षणात राहा. अजून पाणी पाजलेलं नाही. फक्त खांद्यावरचं ओझं उतरवलंय, आणि ते वाकताहेत. मग ओंजळीने ते पाणी त्या कोरड्या जिभेवर सोडतात. गाढव पितं, उठतं. नाथ म्हणतात, माझी पूजा रामेश्वराला पोचली. आपण ही गोष्ट लहानपणापासून ऐकतो आणि नाथांना हात जोडतो. त्या गाढवाला मात्र तिथेच वाळूत ठेवून घरी येतो.

दुसरी गोष्ट भंडाऱ्याच्या जवळची. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पहिल्या भक्तांतले नीळभट्ट भांडारेकार इथले. स्वामींची एक लीळा आहे: पारध्यांनी सशामागे कुत्री सोडली आहेत, ससा जिवाच्या आकांताने धावत येतो आणि स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. पारधी ससा मागतात. जो आश्रयाला आला त्याला देणार कसं? स्वामी त्या पारध्यांशी बोलत राहतात, त्यांचं मन वळतं, आणि सशाला मोकळं जाऊ देतात.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. ससा धावत आला. त्याला राखायला बसल्या जागेवरून हलावं लागलं नाही. त्याला न देणं पुरे झालं. गाढव धावत आलं नाही. ते पडलं होतं तिथेच पडून राहिलं असतं. त्याच्यापर्यंत चालत जाणं, ओझं उतरवणं, वाकणं, हे माणसालाच करावं लागलं. काही जीव शरण येतात. काही जीव शरण यायचं शिकलेलेच नसतात. ते उभे राहतात, कान वळवतात आणि वाट बघतात. जगातलं बहुतेक दुःख या दुसऱ्या प्रकारचं आहे असं मला वाटू लागलंय. म्हातारी माणसं बघा, भट्टीवरची मुलं बघा.

आता मनातल्या मनात उठा आणि बाभळीकडे चालत जा. समोरून जा, सरळ त्याच्या मागे जाऊ नका. सावकाश. ते थबकेल, अंदाज घेईल, तुम्हीही थबका. हात पुढे करा, तळवा उघडा. त्याच्या नाकपुडीतून निघालेली गरम हवा हाताला लागू द्या. मानेवर, आयाळीच्या बुडाशी हात ठेवा. तिथे खाजवलेलं गाढवांना आवडतं. ती एकमेकांनाही तिथेच दातांनी खाजवतात. त्याचा श्वास आणि तुमचा श्वास काही वेळ सोबत चालू द्या. काही मागू नका, काही द्यायची घाई करू नका.

आणि मग डोळे उघडा, कारण पुढचं मिटल्या डोळ्यांनी होणार नाही.

गाढव घाणेरड्या पाण्याला तोंड लावत नाही, तहानलेलं असलं तरी. म्हणून तुमच्या दाराशी, दुकानापुढे, भट्टीवर, उन्हाळ्यात जनावरांसाठी हौद किंवा टाकं भरत असाल तर ते रोज घासा आणि पाणी बदला. पाठीवर जखम दिसली तर तिच्यावर माती किंवा गाडीचं काळं ऑइल लावू देऊ नका. साध्या जखमेतूनही त्याला धनुर्वात होऊ शकतो आणि वेळेवर दिलेल्या इंजेक्शनने तो टळतो. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक आहे, तो फिरवा आणि गाढव आहे म्हणून सांगा, संकोच करू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाढवावरही उपचार होतात. भट्टी तुमची असेल तर सोळा विटांचा हिशोब लक्षात ठेवा आणि दुपारी बारा ते तीन जनावरं सावलीला बांधा. गाढवं कोंबलेला ट्रक रात्री रस्त्यात दिसला तर नंबर टिपून पोलिसांना ११२ वर कळवा. ज्याच्याकडे गाढव आहे अशा माणसाला ओळखत असाल तर पावसाळ्याआधी त्याला एक ताडपत्री आणि धानाच्या तणसाच्या चार पेंढ्या द्या; त्याने गाढव सोडायचं की ठेवायचं हे कधीकधी तेवढ्यावरही ठरतं.